पांढऱ्या सोंगट्या माझ्या

माझ्या बायकोला आकडा मिळाला आणि मला मिळाला नाही, एवढीच खरं तर माझी तक्रार आहे. बाकी संसार चारचौघांचा चालतो तसा चालला.

आकडा म्हणजे बुद्धिबळाचं रेटिंग. जगभरात जे कोणी मान्यता असलेल्या स्पर्धा खेळतात त्यांची एक यादी असते. यादीत नाव लागलं की नावापुढे चार आकडी संख्या येते. ती आली की माणूस खेळाडू, नाही आली तर टाइमपास करणारा. मी तीस वर्षं टाइमपास केला. कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये स्टोअरला नोकरी, कॉलनीत क्वार्टर, संध्याकाळी क्लब आणि क्लबातल्या कोपऱ्यातल्या टेबलावर पट. रेटिंगच्या स्पर्धा आमच्या उमेदीच्या काळात नागपुरात वर्षातून एखादी व्हायची, आणि ती बरोबर माझ्या ड्युटीच्या दिवसांत यायची. तीनदा कशीबशी सुटी काढून खेळलो. तिन्हीदा थोडक्यात राहिलं.

बायको खेळायला लागली त्याला पाच वर्षं झाली. दुसऱ्याच स्पर्धेत तिचं नाव यादीत लागलं. दुसऱ्याच! सकाळच्या बसमध्ये बसून मी फोनवर ती यादी उघडायचो आणि आमचं आडनाव टाकायचो. एकच नाव यायचं. आडनाव माझं, आकडा तिचा. सांगा आता, पोटात दुखणार नाही तर काय होणार?

बरं, शिकवलं कोणी? मीच. करोनाच्या वेळी क्लबाला कुलूप लागलं. मला संध्याकाळी पटावर बसल्याशिवाय जेवण जात नाही. आठ दिवस एकटाच पट मांडून आपल्या पांढऱ्या हलवत बसलो, मग वेड लागायची पाळी आली. शेवटी बायकोला म्हटलं, "ये वं, बस इथं, तुले शिकवतो." तिने हात पुसले आणि बसली. घोडा अडीच घरं कसा जातो हे समजायला तिला दोन दिवस लागले. मी मनातल्या मनात म्हटलं, ही काय खेळणार, वेळ जाईल आपला.

माझं ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात एकच, ठरलेली. राजापुढचं प्यादं दोन घरं. समोरच्यानेही तसंच केलं की माझ्या प्याद्याशेजारचं, उंटापुढचं प्यादं दोन घरं, सरळ त्याच्या तोंडात. घे बाबा, खा. याला किंग्ज गॅम्बिट म्हणतात. प्यादं फुकट द्यायचं आणि त्याच्या बदल्यात रस्ता मोकळा करून राजावर तुटून पडायचं. कॉलनीतल्या एका जुन्या इंजिनियर साहेबांनी मला ते शिकवलं होतं आणि मी दुसरं काही शिकलो नाही. गरजच पडली नाही. आजकालची पोरं याला जुनाट म्हणतात आणि कोणी खेळत नाहीत. म्हणू द्या. क्लबात या ओपनिंगने मी भल्याभल्यांना घाम फोडला आहे.

पहिली चाल पांढऱ्याची असते, त्यामुळे हे खेळायचं तर पांढऱ्या सोंगट्या लागतात. म्हणून घरात पांढऱ्या नेहमी माझ्या. गुरूचा तेवढा मान. तिने एकदा विचारलं, "मी घेऊ काय एक दिवस पांढऱ्या?" मी म्हटलं, "आधी काळ्यांनी हरवून दाखव."

दोन वर्षांनी तिने हरवून दाखवलं. मी म्हटलं, चहा थंड झाला होता, लक्ष नव्हतं, हा डाव धरायचा नाही. पांढऱ्या काही दिल्या नाहीत. ती पण खमकी, पुन्हा मागितल्या नाहीत. पॉवर हाऊसच्या राखेचा आमच्याकडे सगळ्या वस्तूंवर थर बसतो. ती रोज सकाळी पट पुसायची, सोंगट्या पुसायची, आणि संध्याकाळी काळ्या आपल्याकडे करून मांडून ठेवायची. पाच वर्षं तिने माझं ओपनिंग काळ्या बाजूने पाहिलं. एकच एक डाव, शेकडो वेळा.

पुण्याला नोकरी करणारी आमची पोरगी. तिने आईच्या फोनमध्ये खेळायचं ॲप टाकून दिलं. मग काय विचारता! कुकरच्या शिट्ट्या होऊन राहिल्या आणि ही फोनवर ब्राझीलच्या माणसाचा हत्ती मारून राहिली. त्या ॲपवर तिला पांढऱ्या मिळायच्या, तिथे ती आपलं वेगळं काहीतरी शांत-शांत ओपनिंग खेळायची. ते मला माहीतही नव्हतं. भाजीत मीठ जास्त पडलं की मी म्हणायचो, "उंट पाहून राहिली असशील." मीठ जास्त नसलं तरी म्हणायचो.

मी काय काय केलं ते सांगून टाकतो, आता या वयात लपवून काय करायचं? ती फोनवर खेळायला बसली की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. ती हरली की चेहरा गंभीर करून तिची चूक दाखवायचो आणि त्या दिवशी मला जेवण गोड लागायचं. एका स्पर्धेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख मला माहीत होती, तिला सांगितली नाही. तिने कुठून तरी शोधून काढली आणि फॉर्म भरून टाकला. तिचाही आणि माझाही. वर मलाच म्हणाली, "तुम्ही विसरूनच गेले असते पहा."

तिचं रेटिंग आलं तेव्हा एका पेपरच्या पुरवणीत फोटो छापून आला. ती पटामागे बसलेली, आणि मागे मी, अर्धा. माझा उजवा खांदा आणि एक कान त्यांनी कापून टाकला होता. खाली लिहिलं होतं, पतीकडून मिळाली प्रेरणा. प्रेरणा! मी काय उदबत्ती आहे का? अरे शिकवलं म्हणा ना, घोडा अडीच घरं कसा जातो ते दोन दिवस बसून शिकवलं म्हणा! ऑफिसात त्या दिवशी सगळे माझ्याकडे पेढे मागत आले. मी पेढे वाटले. एकाने तोंडात पेढा ठेवून विचारलं, "काय गा, अन् तुमचं कधी?" त्याच्याशी मी दिवसभर बोललो नाही.

तर ती ही माझी परिस्थिती. आता त्या फॉर्मवाल्या स्पर्धेचं सांगतो.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नागपुरात एका मंगल कार्यालयात तीन दिवसांची स्पर्धा होती, सात डावांची. उन्हाळ्यात लग्नाची तिथी नसली की हॉल स्वस्तात मिळतो म्हणून स्पर्धा तिथे. चारी कोपऱ्यांत कूलर धडधडत होते, आणि स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमलीच्या दोन खुर्च्या तशाच होत्या. बाजूच्या खांबाला वाळलेल्या झेंडूची माळ. आम्ही दोघं फॉर्म घेऊन गेलो तेव्हा टेबलावरचा माणूस हसून म्हणाला, "वा, जोडीनं?" मी म्हटलं, वेगवेगळं खेळतो आम्ही.

पहिले दोन दिवस माझे बरे गेले. खरंच बरे गेले. समोर बहुतेक शाळेतली पोरं, पण त्यांच्याकडे आकडे होते. माझ्याकडे पांढऱ्या आल्या की मी त्यांना प्यादं खायला घालायचो आणि ती पोरं गडबडायची. दोन डाव मी असे जिंकले. तिसऱ्या दिवशी सकाळी सहावा डाव संपला तेव्हा आर्बिटरने, म्हणजे तिथल्या मुख्य पंचाने, मला हाक मारली. त्याने लॅपटॉपमध्ये काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "काका, शेवटच्या डावात अर्धा गुण आणा. तुमचं काम झालं."

अर्धा गुण. म्हणजे जिंकायचीही गरज नाही, नुसती बरोबरी. ड्रॉ. तीस वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते अर्ध्या गुणावर येऊन ठेपलं होतं. पुढच्या मार्चमध्ये मी रिटायर होणार. निरोपसमारंभात कोणीतरी उठून बोलेलच, साहेब रेटेड खेळाडू आहेत. हे मी मनात ऐकूनही घेतलं होतं. मी आर्बिटरचे पाय धरायचेच बाकी ठेवले.

अर्ध्या तासाने शेवटच्या डावाच्या जोड्या भिंतीवर लागल्या. बोट लावत लावत खाली आलो. टेबल अकरा. माझ्यासमोर माझीच बायको. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत!

मी आर्बिटरकडे गेलो. म्हटलं, बदला हे. तो म्हणाला, "काका, गुण सारखे आहेत तुमचे. जोड्या कॉम्प्युटर काढतो, मी नाही काढत." बाजूला उभा असलेला एक वकील खेळाडू हसला आणि म्हणाला, "अरे चांगलंच आहे की! नवरा-बायको हात मिळवतील अन् घरी जातील. काकांचं रेटिंग पक्कं." सगळे हसले. मीही हसलो, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे तीस वर्षांनी माझा आकडा आला तर लोक म्हणणार, बायकोने दिला.

आणि तिचंही काही लागलं होतं त्या डावावर. स्पर्धेतल्या सगळ्यात चांगल्या महिला खेळाडूला ट्रॉफी होती. ती जिंकली तर ट्रॉफी तिची. ड्रॉ झाला तर दुसऱ्या एका बाईची. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

दुपारी कार्यालयाच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही डबा उघडला. पोळ्या, वांग्याची भाजी, ठेचा. मी वाट पाहत होतो की आता ही म्हणेल, आपण ड्रॉ करून टाकू. म्हणाली की काय उत्तर द्यायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. चांगलं खमंग उत्तर होतं. पण ती काही म्हणालीच नाही. पोळी खाल्ली, डबा धुऊन आणला. मग मला त्याचाच राग आला. एवढं माहीत आहे नवऱ्याचं काय लागलं आहे, तर एक शब्द तरी काढावा ना माणसाने!

डाव सुरू झाला. पांढऱ्या सोंगट्या कॉम्प्युटरने तिला दिल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या बायकोसमोर काळ्यांमागे बसलो. बसल्याबसल्याच कसंतरी वाटलं, स्वतःच्या घरात पाहुणा म्हणून गेल्यासारखं. आम्ही हात मिळवला, नियमच आहे तो. बाजूच्या टेबलावरचे दोघं तोंड दाबून हसले.

तिने राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. मीही सरकवलं. मला वाटलं आता ते तिचं शांत ओपनिंग येईल. त्याला उत्तर मी क्लबातल्या लोकांना विचारून ठेवलं होतं.

तिने उंटापुढचं प्यादं उचललं आणि दोन घरं पुढे ठेवलं, माझ्या तोंडात.

माझं ओपनिंग! माझं! मी तिच्याकडे पाहिलं. ती कागदावर चाल लिहीत होती, मान खाली. माझ्या कानशिलापर्यंत गरम झालं. म्हटलं, बघा बघा, हिची हिंमत बघा. माझ्याच घरातून उचललं आणि माझ्याच डोक्यात घातलं. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात ती ही.

आणि मग लक्षात आलं की याच्यापुढे काळ्याने काय करायचं असतं, हे मला माहीतच नाही.

खोटं काहून सांगू? तीस वर्षं मी हे खेळलो, पण एकाच बाजूने. हे जुनाट ओपनिंग माझ्याविरुद्ध कधी कोणी खेळलंच नव्हतं. मला पांढऱ्याच्या हल्ल्यातली चाल न् चाल पाठ, पण समोरच्याकडून पट कसा दिसतो हे मी कधी पाहिलं नव्हतं. ज्या एका माणसाने ते शेकडो वेळा पाहिलं होतं, तो माणूस माझ्यासमोर पांढऱ्यांमागे बसला होता.

मग मी काय केलं असेल? घरी ती काय करते ते आठवलं. पहिल्यांदा ती प्यादं खाते. मी खाल्लं. मग मी घोडा काढतो. तिने घोडा काढला. मग ती वजिरापुढचं मधलं प्यादं दोन घरं धाडकन पुढे टाकते. मीही टाकलं. अशा आठ-नऊ चाली मी माझ्या बायकोच्या खेळलो आणि ती माझ्या खेळली. त्यानंतर मात्र मला काही आठवेना. घरी त्या जागेपर्यंत आलो की मी फक्त माझा हल्ला पाहत असे. ती समोर काय करून राहिली आहे तिकडे मी लक्षच दिलं नव्हतं कधी.

आता पट असा होता की मला घाम फुटला. ही जागा मी ओळखत होतो. घरी हजारदा पाहिलेली. इथून मी जिंकतो. म्हणजे इथून पांढरा जिंकतो, आणि आज पांढऱ्या तिच्याकडे. संपलं, म्हटलं. आता हिचा हत्ती येणार, उंट येणार, आणि वीस चालींत माझा राजा उघडा पडणार. मीच शिकवलेलं आहे तिला सगळं.

आणि ती विचार करत बसली. अठरा मिनिटं. घड्याळ समोरच होतं, मी मोजली. पदराने मान पुसत, ओठ हलवत, पटाकडे पाहत बसली. मला कळेना की एवढा काय विचार करते आहे? समोर दिसतं तर आहे. मार ना! मग माझ्या डोक्यात आलं, हिला दिसलं आहे. ही विचार करते आहे ती मारायचा की नाही याचा. नवऱ्याचं रेटिंग जाईल, बिचारा रिटायर होणार, घरी तोंड पाडून बसेल, हा विचार करते आहे. माझी कीव करून राहिली आहे.

शेवटी तिने एक साधी चाल केली, उंट एक घर मागे. आणि घड्याळ दाबायच्या आधी, अगदी हळू आवाजात, मला म्हणाली, "ड्रॉ?"

तुम्हाला सांगतो, घरी जेवताना ती शेवटची पोळी हातात घेऊन विचारते ना, वाढू का म्हणून, तोच आवाज. तीच मान कलती.

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. अर्धा गुण माझ्या हातात होता. नुसता हात पुढे करायचा होता. पण मला तो वकील दिसला, आपला डाव संपवून आमच्या टेबलाशी येऊन उभा, गालातल्या गालात हसत. मला तो अर्धा कापलेला फोटो दिसला. बायकोने ट्रॉफीवर पाणी सोडून नवऱ्याला अर्धा गुण वाढला, हे लोक कॉलनीत सांगणार आणि कौतुक पुन्हा तिचंच होणार. माझं आयुष्यभराचं मागणं, आणि ते द्यायचा मोठेपणा पण हिचाच? माझ्या आत काहीतरी असं पेटलं की माझं मलाच आवरेना.

मी म्हटलं, "नको. खेळ."

तिने डोळे मोठे केले. मग मान हलवली आणि पटाकडे पाहायला लागली.

पुढचं सांगण्यासारखं काही नाही. दाखवतोच आता हिला, या तोऱ्यात मी वजीर बाहेर काढला, तिच्या राजाला शह द्यायला. घरात बसून तो वजीर कोणती जागा राखत होता ते मी पाहिलं नाही. भैताडासारखा काढला. तिने राजा बाजूला केला. पुढच्या चालीला तिचा घोडा उडी मारून माझ्या घरात आला, राजाला शह आणि हत्तीवर डोळा, दोन्ही एकदम. घोडा ठेवण्याआधी तिने तो हवेत धरून माझ्याकडे पाहिलं होतं. काही डाव तर नाही ना यांचा, असं पाहिलं होतं. मी छताकडे पाहत होतो. हत्ती गेला, आणखी दहा चालींनी सगळंच गेलं. मी हात पुढे केला. तिचा तळहात घामाने ओला होता.

बक्षीस समारंभ त्याच स्टेजवर झाला. तिला ट्रॉफी मिळाली, आणि मी टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या, कारण लोक माझ्याचकडे पाहत होते. आर्बिटर जाताजाता म्हणाला, "काका, थोडक्यात हुकलं हो." माझं हे चौथं थोडक्यात.

स्कूटरवर आम्ही निघालो. ट्रॉफी तिने पिशवीत घातली होती आणि पिशवी मांडीवर. कोराडी रोडला लागलो. उन्हं कलली होती तरी रस्ता तापलेलाच होता. एका रसवंतीशी ती म्हणाली, थांबा, रस पिऊ. थांबलो. घुंगरांचा आवाज करत चरक फिरत होता. दोन ग्लास आले.

"एक विचारू काय?" ती म्हणाली. "रागावणार नाही ना?"

"विचार."

"ड्रॉ काहून नाही घेतला तुम्ही? मी तं हरून राहिली होती."

मला वाटलं, चरकाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. "कोण हरून राहिलं होतं?"

"मी. नाही तं काय! तुम्ही ते मधातलं प्यादं पुढे टाकलं, तुमचे दोन्ही उंट मोकळे झाले. तिथून काळ्याचंच बरं असते. घरी रोज तिकडूनच तं बसते मी, मले माहीत नाही का? तुम्ही घरी जिंकता ते नंतर जिंकता. त्या जागी मीच पुढे असते. आज पांढऱ्यांकडून पाहिलं तं भीतीच वाटली मले. काय करावं सुचेचना. मग म्हटलं, ड्रॉ मागून पाहू, देला तं देला."

मी ग्लास खाली ठेवला. "मग हे ओपनिंग काहून खेळली तू? तुझं ते दुसरं होतं ना."

"तुम्हाले येते म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाले अर्धाच गुण पायजे होता ना. मी दुसरं काही खेळली अन् तुम्ही गडबडले असते तं? हे तं तुमचं पाठ आहे. म्हटलं, याच्यात यांना त्रास होणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी तो डाव फोनमधल्या प्रोग्रामला दाखवला. तिचं खरं होतं. तिने ड्रॉ मागितला तेव्हा काळ्याचं चांगलं होतं. मी पुढे होतो. पण त्या संध्याकाळी, ग्लास हातात धरून, मला प्रोग्रामची गरज नव्हती. ती खोटं बोलत नव्हती, तिला तसं बोलताच येत नाही. कीव वगैरे काही नव्हती. ती घाबरली होती. मला घाबरली होती. आकडेवाली बाई मला, बिनआकड्याच्या माणसाला, अजूनही आपल्यापेक्षा मोठा खेळाडू समजत होती. आणि घाबरली तर तिने सरळ विचारलं, ड्रॉ का म्हणून. लाजली नाही. मला त्याचाही हेवा वाटला, तिथे उभ्याउभ्या.

"सांगा ना," ती म्हणाली, "काहून नाही घेतला?"

खरं सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. मी म्हटलं, "मी जिंकून राहिलो होतो ना. कशाले घेऊ?"

"तेच तं!" तिचा चेहरा एकदम उजळला. "मले वाटलंच होतं."

तेवढ्यात पोरीचा फोन आला. आईने स्पीकर लावला नाही, पण इकडचं बोलणं मला ऐकू येत होतं. ट्रॉफीचं तिने एका वाक्यात उरकलं. मग आवाज खाली करून सांगायला लागली, "नाही वं, त्यांचं नाही झालं. मी ड्रॉ देला होता, बाबांनीच नाही घेतला. जिंकून राहिले होते ना ते. अर्ध्या गुणासाठी थोडीच खेळतात बाबा. त्यांच्याजागी मी असती तं कधीच घेऊन टाकला असता. एवढी हिंमत आपल्यात नाही बाई."

मनापासून बोलत होती ती. मी रसवाल्याकडे तोंड करून उभा राहिलो, आणि पैसे आधीच दिले असूनही खिसा चाचपत राहिलो.